पंधराची मोटार, उत्तमची गाठ

नांदुऱ्यात स्टेशनकडून बाजाराकडे चालत आलात तर उजव्या हाताला माझं दुकान लागतं. पाटी चुकायची नाही, कारण पाटी दुकानापेक्षा लांब आहे. 'पंजाब मोटार रिवायंडिंग वर्क्स. सर्व प्रकारचे पंप, डिझेल इंजिन दुरुस्ती व विक्री. बोट मोटार स्पेशालिस्ट.' पंजाब माझं नाव. यातले शेवटचे तीन शब्द मागाहून रंगवून घेतलेले आहेत, म्हणून ते बाकीच्यांपेक्षा जास्त लाल दिसतात. हे तीन शब्द पाटीवर कसे आले ते सांगायचं तर उत्तमबद्दल बोलावं लागेल, आणि उत्तमबद्दल बोलायला मला कधी आवडलेलं नाही. आमच्या गावात त्याच्याबद्दल बोलणाऱ्यांची काही कमी नव्हती. मी आणखी एक कशाला होऊ?

उत्तमचं दुकान बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे. त्याला पाटी नव्हती. एक शटर, आत एक लाकडी घडवंची, एक पत्र्याचा स्टूल आणि भिंतीवर ओळीनं ठोकलेले खिळे. एवढ्यावर माणसानं तीस वर्षं धंदा केला. आम्ही दोघं आयटीआयला एकाच बाकावर होतो. परीक्षेत मला त्याच्यापेक्षा चार मार्क जास्त होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ही गोष्ट माझ्याशिवाय कोणाच्याही लक्षात राहिलेली नाही.

दिसायला तो काही विशेष नव्हता. उंच, वाळका, खांदे पुढे आलेले, बाही नेहमी कोपरापर्यंत दुमडलेली. खिशात बडीशेप. बोलणं इतकं सावकाश की समोरच्याला वाटावं, हा झोपेतून उठला की काय. गिऱ्हाईक आलं की मी उभा राहतो, खुर्ची सरकवतो, चहा सांगतो, कॅटलॉग उघडतो. उत्तम उठायचाही नाही. हातातलं काम चालू ठेवून एवढंच म्हणायचा, "मशीनचं मंग सांग भाऊ. काम सांग पयले."

काम सांग पयले. हे तीन शब्द मी त्याच्या दुकानातून माझ्या दुकानात किती वेळा ऐकले असतील, गणती नाही. आमचा रस्ता अरुंद आहे.

एकदा निमगावकडचा एक शेतकरी माझ्याकडे साडेसात हॉर्सपॉवरची मोटार घ्यायला आला होता. पाचची होती, ती पाणी कमी फेकते म्हणे. मी त्याला तीन कंपन्यांचे भाव सांगितले, चहा पाजला, सगळं ठरलं. जाता जाता तो सहज समोर गेला, बडीशेप खायला. उत्तमनं त्याला दोन प्रश्न विचारले आणि सांगितलं, "मोटार बरी हाय तुही. फुटवाल गळते. त्याचं रबर बदल." फुटवाल म्हणजे पाइपाच्या तळाची झडप. माणूस तसाच परत गेला. माझ्याकडे नाही आला आणि उत्तमकडूनही काही घेतलं नाही. मग आठ दिवसांनी त्यानंच आपल्या गावातली चार माणसं आणून उत्तमच्या दारात उभी केली. जो माणूस गिऱ्हाईकाला हाकलून लावतो त्याच्याकडे रांग लागते, हे गणित मला आजपर्यंत सुटलेलं नाही. मला राग यायचा, आणि रागाच्या खाली जे होतं त्याला हेवा म्हणतात हे मला तेव्हाही कळत होतं.

बाहेरच्यांचं सोडा. आमचे वडील शेवटच्या उन्हाळ्यात खाटेवर होते. नांदुऱ्याचा मे महिना, घरात कूलर, आणि कूलर काही गार हवा देईना. मी दोनदा खोलला. पंप बदलला, गवताच्या जाळ्या नव्या बसवल्या. वडील डोळे मिटून पडलेले, आणि तसेच म्हणाले, "पंजाब, उत्तमले बलाव बरं."

माझं घर, माझा बाप, माझा धंदा, आणि उत्तमले बलाव. बायको, शोभा, मी काही बोलायच्या आत चप्पल घालून निघालीसुद्धा. उत्तम आला, कूलरला हात लावला नाही. खोलीत एक चक्कर मारली, कूलर ओढत खिडकीत नेला, त्याचं तोंड आत केलं, समोरचं दार जरा उघडं ठेवलं. "कूलर बरा हाय काका. त्याले बाहेरची हवा पायजे, अन् आतली निंगाले जागा पायजे." अर्ध्या तासात वडील घोरायला लागले. शोभानं त्याला लिंबाचं सरबत दिलं, त्यात साखर जास्त टाकली. मी पाहिलं.

आता त्याच्या खिळ्यांचं सांगतो. उत्तम टेप वापरायचा नाही. त्याच्याकडे सुतळीचा गुंडा असे. यंत्राचं, खड्ड्याचं, चाकाचं, कशाचंही माप तो सुतळीवर घ्यायचा आणि जिथं माप संपेल तिथं गाठ मारायचा. एका कामाची एक सुतळी, तिला पुठ्ठ्याचा तुकडा, पुठ्ठ्यावर माणसाचं आणि गावाचं नाव. ती खिळ्यावर जायची. सुलतानपूर, धामणगाव बढे, मलकापूर, सगळ्यांच्या विहिरी आणि शाफ्ट त्याच्या भिंतीवर लोंबत होते. दहा वर्षांनी कोणी आलं तरी तो बरोबर त्याची सुतळी काढायचा.

आणि त्याची गाठ. ही गाठ आख्ख्या तालुक्याला माहीत होती. दोरीचं टोक हातात घेऊन तो मनगट एकदा फिरवायचा आणि गाठ बसलेली असे. ओढाल तितकी घट्ट होणार. बैल ओढून थकेल पण सुटणार नाही. आणि सोडायची असली की बाहेर राहिलेलं लहान टोक एकदा खेचायचं, सगळं मोकळं. मला ती गाठ यायची नाही. मी चहाच्या निमित्तानं त्याच्याकडे जाऊन बसायचो, डोळे त्याच्या बोटांवर ठेवायचो, आणि दर वेळी मनगट फिरलं की गाठ झालेली. घरी येऊन शोभाच्या परकराच्या नाडीवर मी कितीदा प्रयत्न केला. एक तर सुटायची, नाहीतर कात्रीच लागायची. विचारलं असतं तर त्यानं लगेच दाखवली असती. म्हणूनच विचारलं नाही.

तर आता नावेची गोष्ट.

धामणगाव बढ्याच्या अलीकडे धरण आहे. तिथल्या मासेमारांची सोसायटी, तिचे अध्यक्ष किसनभाऊ. जाडजूड, पांढऱ्या मिशांचे, हाताला कायम मासळीचा वास. सोसायटीकडे एक जुनी फायबरची नाव होती. कोकणात तिनं आयुष्य काढलं, म्हातारपणी ट्रकवर बसून ती आमच्याकडे आली. बारा वर्षं वल्ह्यांवर चालली. पण वल्हवणारे नावेबरोबरच म्हातारे झाले होते. चैत्रात दुपारचा वारा सुटला की जाळ्यांपर्यंत जाऊन परत येईस्तो खांदे निखळायची वेळ. एकदा तर तिघं जण संध्याकाळपर्यंत पलीकडच्या काठाला अडकून पडले. तेव्हा सोसायटीनं ठरवलं, नावेला मोटार बसवायची. मागच्या फळीला बाहेरून लटकवतात ती, आउटबोर्ड म्हणतात तिला. खाली दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा, वरती इंजिन.

किसनभाऊ माझ्याकडे आले. समोर नाही गेले, माझ्याकडे आले. त्या दिवशी मी चहाबरोबर कचोरीही मागवली. आवाज जरा मोठा ठेवला, रस्ता ओलांडून जाईल इतका. आउटबोर्ड मी त्याआधी फक्त चित्रात पाहिली होती, पण मोटार ती मोटार. मी पेन काढलं आणि पहिला प्रश्न विचारला, "धरण किती खोल हाय किसनभाऊ?"

"मधात असन साठ फूट. काऊन?"

"मंग पंधरा हॉर्सपॉवरच्या खाली नाई चालनार. अन् लांब दांड्याची घ्या लागते. खोल पानी हाय ना."

हसू नका. आमच्या भागात मोटार म्हणजे विहिरीची. मोटार घ्यायची म्हणजे पहिला प्रश्न खोलीचा. पन्नास फुटाला तीनची, शंभर फुटाला पाचची, आणि शेजाऱ्याकडे पाचची असली तर आपल्याकडे साडेसातची. सगळं आयुष्य मी याच हिशोबात काढलं. किसनभाऊंनाही ते पटलं. खोल पाणी, मोठी मोटार, लांब दांडा. त्यात चुकीचं काय आहे?

पण जाता जाता किसनभाऊ म्हणाले, "एक बार उत्तमभाऊलेई नाव दाखवू. सल्ला घ्याले काय जाते?"

माझ्या तोंडातली कचोरी तिथंच कडू झाली.

तिघं मिळून धरणावर गेलो. उत्तम माझ्याच मोटारसायकलवर मागं बसला होता. मांडीवर एक पिशवी. धरणावर पोचल्यावर त्यानं नावेकडे नुसतं पाहिलं, दहा मिनिटं. मग किसनभाऊंना विचारलं, "काम काय हाय नावेचं?"

किसनभाऊंनी सांगितलं. चार माणसं, जाळी, आल्यावर मासळीचे डबे, कधी पलीकडच्या वावरातली दोन-चार माणसं. वेग? वेग कशाला पाहिजे. वाऱ्याच्या आधी घरी आलो म्हणजे झालं.

"हाव," उत्तम म्हणाला. मग त्यानं किसनभाऊंच्या घरून सरकीच्या ढेपेचं पोतं मागवलं. त्यातली अर्धी ढेप काढून ठेवली आणि उरलेलं पोतं नावेच्या मागच्या फळीवर बांधलं. "पंजाबची मोटार एवढ्या वजनाची भरन," म्हणाला. मग मागच्या बाकावर किसनभाऊंना बसवलं, कारण मोटार चालवणारा तिथंच बसणार. नाव मागून खाली गेली, तोंड वर. पाणी फळीच्या काठापासून चार बोटं राहिलं. उत्तमनं सुतळी लावली, गाठ मारली. मग पोत्यातली आणखी ढेप काढली, पुन्हा सुतळी लावली. असं करत करत तो एका वजनावर थांबला. "एवढं झेपते तिले. आठ हॉर्सपॉवरची येईन या वजनात. अन् तिच्या कामाले तेवढी बस हाय."

"आठ?" मी म्हणालो. "साठ फूट पान्यात आठची मोटार?"

उत्तमनं माझ्याकडे पाहिलं. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "पंजाब, पानी उपसाचं नाई बाप्पा. पान्यावरून चालाचं हाय. खाली साठ फूट असो का सहा, नावेले काय फरक पडते?"

काठावर जमलेले दोघं-तिघं मासेमार खो खो हसले. माझे कान गरम झाले.

उत्तमनं मग सुतळी फळीच्या वरच्या काठापासून नावेच्या बुडापर्यंत सोडली. "पंखा बुडाच्या जरासाक खाली पायजे. आखूड दांडा बराबर बसते. लांब घेसान तं उन्हाळ्यात पानी उतरलं का खालचे बाभळीचे खुंट लागतीन." धरणाखाली जुनी वावरं बुडालेली आहेत, त्यांच्या बांधावरच्या बाभळी अजून उभ्या आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. मला फक्त सुचलं नव्हतं.

शेवटी त्यानं पिशवीतून पोती शिवायचा दाभण काढला आणि मागच्या फळीच्या आतल्या बाजूला टोचला. वर फायबर, आत लाकूड. दाभण मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर ओला. "फळी सडली. मोटार कोनतीबी घ्या, फळी बदला पयले."

इथं मी तोंड उघडलं. जे बोललो ते आज आठवलं तरी लाज वाटते. म्हणालो, सोसायटी काय आठ हॉर्सपॉवरची मोटार लावून लोकांना तोंड दाखवणार? दुसऱ्या धरणावर पंचवीसच्या मोटारी आहेत. फळी बाहेरून टणक आहे, दोन बोल्ट जास्त मारू. आणि उत्तम, तू कधी पाहिली का रे आउटबोर्ड? मी स्वतः पाहिली नव्हती हे तेव्हा सांगायचं राहून गेलं.

सोसायटीची बैठक झाली. पंधराच्या बाजूनं हात वर आले. मोठी मोटार कोणाला नको असते? उत्तमनं ढेप परत पोत्यात भरली, पोत्याचं तोंड शिवलं. "नाव तुमची हाय," म्हणाला. "मी आपलं सांगतलं." परत येताना तो माझ्याच मागं बसला होता आणि वाटभर त्यानं मला बडीशेप दिली.

मोटार मुंबईहून रेल्वे पार्सलनं नांदुऱ्याला आली. खोक्यातून काढली तेव्हा अर्धा बाजार पाहायला जमला. मी चार दिवस ती दुकानाच्या तोंडाशी ठेवली, तिचं तोंड रस्त्याकडे करून. उत्तम एकदा आला, तिच्याभोवती फिरला, म्हणाला, "देखनी हाय."

ज्या दिवशी धरणावर मोटार बसवायची होती त्या दिवशी हळद-कुंकू, हार, नारळ, पेढे, सगळं होतं. मी मोटार फळीला कसली, दोन बोल्ट जास्त मारले. नारळ फुटला. मी, किसनभाऊ आणि तिघं जण नावेत बसलो. उत्तमही आलेला होता. तो काठावर एका दगडावर बसून बडीशेप चावत होता. मोटार कसून मी हार-नारळाच्या गडबडीत होतो तेव्हा तो नावेत काहीतरी करत होता असं कोणीतरी म्हणालं, पण मी लक्ष दिलं नाही.

दोरी ओढली, मोटार सुरू झाली. आवाज असा की काठावरच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उत्तमकडे पाहिलं आणि हँडल पिळलं.

नावेचं तोंड आभाळाकडे गेलं. मागून पाणी आत आलं. किसनभाऊ ओरडले, "पंजाबभाऊ, कमी कर!" मी कमी करण्याच्या आत फळीचा आवाज आला. ओला, मऊ आवाज. फळी मधून फाटली, मोटार मागं कलली, पेट्रोलची नळी निघाली, ती दोनदा खोकली, बंद पडली आणि हारासकट पाण्यात गेली.

मी डोळे मिटून घेतले. माझं दुकान, माझी पाटी, इतकी वर्षं, सगळं त्या साठ फुटात चाललं होतं. काठापासून फार लांब गेलो नव्हतो म्हणून जिवाची भीती नव्हती. पण मला त्या क्षणी बुडालेलं परवडलं असतं.

मग नाव मागं ओढल्यासारखी हलली आणि थांबली. नावेच्या पुढच्या कडीपासून बाकांच्या खालून मागपर्यंत एक जाड दोरी गेली होती. तिचं टोक मोटारीच्या मुठीला बांधलेलं. मोटार पाण्यात त्या दोरीला लोंबत होती. पाच माणसांनी मिळून ती वर ओढली. वल्हवत काठाला आलो, गुडघाभर पाण्यात उतरलो.

किसनभाऊ धापा टाकत म्हणाले, "हे दोरी कोनं बांधली बाप्पा? दोरी नसती तं गेली असती मोटार खाली."

सगळे माझ्याकडे पाहत होते. आणि मी म्हणालो, "मंग काय. मीच बांधली. सेफ्टीले लागते ते."

उत्तम दगडावरून उठून जवळ आला होता. चार हातांवर उभा होता. त्यानं ऐकलं. तो दोरीकडे पाहून म्हणाला, "बराबर केलं."

एवढंच. आणि लगेच हळू आवाजात मला, "पंजाब, प्लग खोल. पानी काढा लागते आत्ताच, नाईतं गंजन." मी प्लग काढला. तो म्हणाला, उलटी कर. मी उलटी केली. दोरी ओढ. मी ओढली, पाणी भसाभसा बाहेर आलं. आत तेल सोड, परत ओढ. कोणी त्याला विचारलं, तुम्ही करा ना उत्तमभाऊ, तर म्हणाला, "मी कायले? पंजाब करून राह्यला ना." दीड तासानं मोटार सुरू झाली. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

पुढचं सगळं सरळ झालं. पंधराची मोटार दुसऱ्या एका धरणावरच्या नव्या, मोठ्या नावेला गेली. आमच्या नावेची फळी उत्तमनं सागाची घातली. आखूड दांड्याची आठची मोटार आली आणि ती नाव आजही त्याच मोटारीवर चालते. मी पाटीवर तीन शब्द वाढवले. दुसऱ्या धरणांवरून लोक येऊ लागले. मी त्यांच्याकडे जातो, नावेकडे दहा मिनिटं नुसता पाहतो, मग विचारतो, काम काय हाय नावेचं? ढेपेचं पोतं मागवतो, दाभण टोचतो. लोक म्हणतात, पंजाबभाऊ, हे तुम्ही कुठं शिकले? मी म्हणतो, अनुभव. शेवटी मोटारीला दोरी बांधतो. गाठ मात्र साधीच मारतो, कारण दुसरी मला येत नाही.

उत्तमचा मला हेवा वाटायचा तो या सगळ्यानं कमी व्हायला हवा होता. त्याची विद्या माझ्याकडे आली होती, माझं नाव झालं होतं. पण तो वाढला. सकाळी शटर उघडलं की समोर तो स्टूलवर बसलेला दिसायचा, आणि मला वाटायचं, हा आज सांगेल. आज चहावर कोणालातरी सांगेल, दोरी माझी होती. तो कधी बोलला नाही. तो बोलला असता तर मी भांडलो असतो, खोटं रेटलं असतं, आणि मोकळा झालो असतो. न बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. भांडता येत नाही म्हणून मी त्याचा आणखीच हेवा करत राहिलो.

गेल्या वर्षी उत्तमची दृष्टी कमी झाली. सुतळीवरच्या गाठी तो बोटांनी चाचपायचा. त्याची मुलगी नागपूरला नर्स आहे. ती आली आणि म्हणाली, बाबा आता एकटे राहणार नाहीत. दुकान रिकामं झालं. सुतळ्या त्यानं ज्याच्या त्याला निरोप पाठवून देऊन टाकल्या.

स्टेशनवर मी गेलो होतो. शोभानं दशम्या बांधून दिल्या होत्या. किसनभाऊ तळलेल्या मासळीचा डबा घेऊन आले होते. गाडी उभी होती, मुलगी सामान लावत होती, उत्तम आत खिडकीशी बसला होता. आम्ही दोघं प्लॅटफॉर्मवर. मला एकाएकी वाटलं, आता नाही बोललो तर कधीच नाही. पण उत्तमला सांगायची हिंमत होईना, म्हणून मी किसनभाऊंना सांगितलं. एका दमात सांगितलं. ती दोरी माझी नव्हती, उत्तमची होती.

किसनभाऊ म्हणाले, "ते तं आमाले त्याच दिवशी मालूम होतं पंजाबभाऊ. आमी काय गाठ पाह्यली नाई? अशी गाठ दुसरं कोनी बांधते काय?"

मी विचारलं, "मंग बोलले काऊन नाई?"

"उत्तमभाऊनं मना केलं. मने, पंजाबले आता कोनी इचारलंच नाई तं तो शिकन कसा? राहू द्या, मने. तुमी आपलं त्याच्याकडंच धाडा लोकायले. आमीच धाडले ना सारे. बाकीच्या धरनावरचे."

म्हणजे माझी सगळी गिऱ्हाइकं. पाटीवरचे तीन लाल शब्द. तेही त्यानंच समोरून रस्ता ओलांडून पाठवले होते, स्टूलवरून न उठता.

मी खिडकीशी धावलो. "उत्तम," मी म्हणालो, "उत्तम, ते दोरी..."

तो एका जुन्या पिशवीशी झटत होता. तीच पिशवी. तिला सुतळी लावून तो ती खिडकीच्या गजाला बांधत होता. त्यानं माझ्या आवाजाकडे तोंड केलं, डोळे जरा चुकीच्या जागी पाहत होते. "पंजाब हायेस काय? हे टोक धर बरं जरासाक."

मी गजातून हात घालून टोक धरलं. गाडीनं शिट्टी दिली. त्यानं माझ्या बोटांजवळून सुतळी घेतली, मनगट फिरवलं. मी डोळे मोठे करून पाहत होतो. हातभर अंतर होतं, ऊन स्वच्छ होतं, त्याची बोटंही आता पहिल्यासारखी चपळ राहिली नव्हती.

"सोड आता, गाडी चालली," तो म्हणाला. "अन् त्या आठच्या मोटारीचं प्लग पाह्यजो दिवायीच्या आंधी."

मी सोडलं. पिशवी गजाला पक्की बसली होती, गाडी हलली तरी ती हलली नाही. गाठ त्यानं कशी मारली, ते मला याही वेळी दिसलं नाही.